पावसाचं माप सगळीकडे एकच हवं

मागे दसऱ्याच्या सुमारास एका शेतकऱ्याने मला विचारलं, "साहेब, कापून ठेवलेला भात पाण्यात तरंगला आणि कागदावर पाऊस 22 मिलिमीटर! हे कसं?"

उत्तरासाठी आधी मुंबईकडे पाहू. तुमच्यापैकी पुष्कळांचं कोणी ना कोणी परळ-लालबागला असेलच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांचा पाऊस 944 मिलिमीटर भरला, कुलाब्याला फक्त 73. अंतर जेमतेम 20–25 किलोमीटर. मग मधल्या गिरगाव, लालबाग, परळ, दादरला किती पडला, हे दोन आकड्यांवरून कसं कळणार? म्हणून त्यानंतर महापालिकेने अग्निशमन केंद्रांसारख्या ठिकाणी शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर 15 मिनिटांनी आकडा मिळतो. दादर-परळच्या सखल भागात पाणी उपसायची तयारी त्यावरून करता येते.

आपल्याकडेही 'महावेध' प्रकल्पात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत अशी हवामान केंद्रं आहेत. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे अनेक गावांची मदत एका यंत्रावर!

या यंत्रात दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी तिच्या जागी येते. किती वेळा कलंडली त्यावरून पाऊस मोजतात. वरच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, की बाहेर मुसळधार आणि आकडा शून्य. झाडाखाली, भिंतीला लागून यंत्र असलं तरी माप चुकतं. एकाची पायली मोठी, दुसऱ्याची लहान, तर हिशेब जुळेल का? तसंच हे.

तेव्हा एवढं करा :

1. आपल्या मंडळाचं केंद्र कुठे आहे ते पाहून या. झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा.

2. घरी सरळ बाजूंचा डबा उघड्यावर घट्ट बसवा. तोंड जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस.

3. केंद्राच्या आकड्यात मोठी तफावत दिसली, तर त्याच दिवशी तहसील व तालुका कृषी कार्यालयात लेखी कळवा. पोच घ्या.

घरची वही सरकारी पुरावा ठरेलच असं नाही. पण चूक वेळेवर ध्यानात येते. तो शेतकरी माझ्याकडे महिन्याने आला. केंद्रावर जाऊन पाहिलं, तर नरसाळ्यात वाळकी पानं होती. पण ती त्या दिवशीही होती का, हे सांगायला ना त्याच्याकडे नोंद, ना माझ्याकडे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. पेरणीआधीच डबा बसवा.