थेंबाचा माग

श्रोतेहो, शेतकऱ्याच्या अंगणात उभा असलेला जुना ट्रॅक्टर आणि त्याच्याखाली जमिनीवर पसरलेला काळसर तेलकट डाग, ही जोडी आपल्या इतकी परिचयाची झाली आहे की त्या डागाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. ‘यंत्र जुने झाले, गळायचेच!’ असे म्हणून आपण वरून आणखी तेल ओततो आणि कामाला लागतो. आज मी या गळतीविषयीच बोलणार आहे.

आमच्या द्राक्षबागेत वेलींच्या दोन ओळींमधून फिरणारा एक लहान ट्रॅक्टर आहे. त्याने पंचविशी केव्हाच ओलांडली. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर वेली फुलोऱ्यावर आल्या असताना दोन दिवस पाऊस झाला. अशा हवेत केवडा रोग झपाट्याने पसरतो. फवारणी एका दिवसाने लांबली तरी घड हातचे जातात. आणि नेमकी त्याच सकाळी ट्रॅक्टरची लिफ्ट रुसली. मागे टांगलेले फवारणीचे यंत्र ती उचली, पण धरून ठेवीना. पाहता पाहता ते खाली बसे. लिफ्टच्या झाकणाखालून तेलाचे थेंब पडत होते. मी पाना घेतला आणि झाकणाचे बोल्ट आवळू लागलो. तिसऱ्या बोल्टाचे आटे गेले. थेंब मात्र पूर्वीसारखेच पडत राहिले.

माझी चूक कोठे झाली हे समजण्यासाठी या लिफ्टचे अंतरंग थोडे पाहावे लागेल. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात मांडला. ट्रॅक्टरचा पंप दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो इतका दाब निर्माण करतो असे धरा. सिलिंडरमधील दट्ट्याचा व्यास ६ सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर भरते; म्हणजे त्या दट्ट्यावर सुमारे २,८०० किलोंचा जोर येतो. हॅरी फर्ग्युसन याने तेलाच्या या बळाची आणि तीन सांध्यांच्या जोडणीची सांगड घातली, आणि १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार होऊ लागलेल्या त्याच्या छोट्या करड्या ट्रॅक्टरने ती जगभर नेली.

परंतु दाब निर्माण करणे एक आणि तो कोंडून ठेवणे दुसरे. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये लंडनमध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यापुढेही हीच अडचण उभी राहिली. दट्ट्याभोवतीचे बूच सैल ठेवावे तर पाणी निसटे. घट्ट करावे तर दट्ट्याच हलेना. त्यावर वाटीच्या आकाराचे चामड्याचे सील बसवण्याची युक्ती निघाली. तिचे श्रेय ब्रामाचा साहाय्यक हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. या वाटीचे तोंड दाबाच्या दिशेला असते. दाब वाढला की वाटीच्या कडा आपोआप फाकून दट्ट्याला चिकटतात. दाब ओसरला की सैल पडतात. गळू पाहणारा द्रवच स्वतःची वाट बंद करतो! आजची रबरी सीले आणि १९३९ मध्ये नील्स क्रिस्टनसन याला ज्याचे अमेरिकन पेटंट मिळाले ते ओ-रिंग नावाचे गोल कडे, यांचेही तत्त्व हेच आहे. सील काम करते ते योग्य मापाने व योग्य बैठकीने; पान्याच्या जोराने नव्हे.

दुपारी गावातले वृद्ध मिस्त्री आले. माझा धाकटा भाऊ एका नळीवरून बोट फिरवून ओल चाचपू पाहत होता. मिस्त्री दुरूनच ओरडले, “भाऊ, हात मागे घ्या!” त्यांच्या त्या एका वाक्याचे मोल मला पुढे कळले. दाबाखालच्या नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही. पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, प्रथम दुखतही नाही. आणि काही तासांत आतले मांस मरू लागते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये. तेल आत शिरले आहे असे स्पष्ट सांगून, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास बोट, क्वचित हातही गमवावा लागतो. म्हणून गळती शोधावी ती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून. दुरुस्तीपूर्वी औजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिफ्टचा दांडा वरखाली करून कोंडलेला दाब मोकळा करावा. नुसत्या तेलाच्या आधारावर उचललेल्या औजाराखाली कधीही शिरू नये.

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. त्यांनी रॉकेल आणि चिंध्या मागवल्या, सगळा भाग धुऊन पुसून कोरडा केला आणि त्यावर खडूची पूड भुरभुरली. मग दूर उभे राहून लिफ्ट उचलायला सांगितली. तेल खाली ओघळते व वाऱ्याने मागे सरकते; म्हणून थेंब जेथे पडतो ते त्याचे जन्मस्थान नसते. सर्वांत उंच जागी जी ओल प्रथम उमटते, ती खरी. आमच्या बाबतीत ती झाकणापासून हातभर वर, सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यावर उमटली. सांधा उघडला तेव्हा आतले रबरी कडे चपटे, कडक होऊन तडकलेले आढळले. ही नळी झडपेच्या पुढची, म्हणजे भार तोलून धरणाऱ्या तेलाची. तेव्हा लिफ्ट खाली का बसते याचेही उत्तर तेथेच मिळाले. बाहेर एकही थेंब न पडता लिफ्ट बसत असेल, तर मात्र दोष आत, दट्ट्याच्या सीलात किंवा झडपेत शोधावा. तेल फेसाळून लिफ्ट धक्के देत चढत असेल, तर पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरत असण्याचा संभव अधिक. आणि दांड्यांची सीले पुनःपुन्हा गळत असतील, तर तेलाच्या पेटीचे श्वासछिद्र चिखलाने बुजले नाही ना, हे आधी पाहावे.

नवे कडे मापाचे, तेलाला टिकणाऱ्या रबराचे हवे. ‘जवळपास बसते’ असे नको. खाचेतील जुना तुकडा टोकदार लोखंडाने न उकरता लाकडी काडीने काढावा, कारण एक ओरखडादेखील नव्या गळतीला पुरतो. कड्याला तेच तेल चोळून ते पीळ न पडू देता बसवावे. तांब्याचे वॉशर असतील तर ते नवे घालावेत. तेलाच्या जागी ब्रेकचे तेल तर कधीच ओतू नये. त्याने रबर बिघडते.

सूर्यास्तापूर्वी फवारणी सुरू झाली. कड्याची किंमत काही रुपये होती. मी बिघडवलेले आटे नीट करून घेण्यास मात्र पुढे एक अख्खा दिवस आणि बरेच पैसे गेले.

वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला, तर सेकंदास एक थेंब या हिशेबाने आठ तासांत जवळजवळ दीड लिटर तेल मातीत मुरते, तेही ज्या वेलींवर आपण पोट भरतो त्यांच्याच मुळांशी. म्हणून श्रोतेहो, ट्रॅक्टरखाली डाग दिसला की पान्याच्या आधी चिंधी हाती घ्या, आणि त्या थेंबाचा माग काढीत उगमापर्यंत जा. मात्र तो माग डोळ्यांनी काढा, बोटांनी नव्हे.