पाण्याखालचा किनारा



वसंतातल्या या प्रसन्न संध्याकाळी आम्ही समुद्रावरच्या वादळाची गोष्ट काढावी, याचे आपणांस नवल वाटेल. पण आमचा विषय वादळ हा नव्हे. वादळ ओसरते, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे थांबतात, किनारा झाडूनपुसून पूर्ववत दिसू लागतो. त्यानंतर जे काम उरते, त्याविषयी आम्हांला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री सँडी नावाचे वादळ अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावर आदळले. त्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाची भरती आणि वादळाने पुढे लोटलेले पाणी एकत्र आले. मँटोलोकिंग हे तेथील एक लहानसे गाव. एका अंगास महासागर, दुसऱ्या अंगास बार्नेगट उपसागर आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर घरे. समुद्राने ती पट्टी फोडली व तो उपसागराला जाऊन मिळाला. कित्येक घरे पायासकट वाहून गेली. सीसाइड हाइट्स या गावी करमणुकीच्या धक्क्यावरचा रोलर कोस्टर समुद्रात जाऊन पडला आणि मे 2013 पर्यंत त्याचा लोखंडी सांगाडा लाटांत उभा होता.

आता गंमत पाहा. तो सांगाडा सर्वांना दिसत होता, म्हणून त्याच्यापासून कोणालाच फारसे भय नव्हते. भय होते ते न दिसणाऱ्या वस्तूंचे. घर वाहून जाते तेव्हा हलके सामान तरंगून काठाला लागते. पण नळ, पत्रे, तारा, काँक्रीटचे तुकडे, पाणी पिऊन जड झालेले खांब हे तळाशी बसतात. वरून वाळूचा थर येतो. पाण्यात सूर मारणाऱ्या मुलाला खाली मऊ वाळूच आहे असे वाटते. आणि डोके खांबावर आपटले तर मान मोडून ते मूल जन्माचे पंगू व्हायला एक क्षण पुरे होतो.

तिकडे मे महिन्याच्या अखेरीस पोहण्याचा हंगाम सुरू होतो. किनाऱ्यावरच्या गावांचे पोट बव्हंशी त्या दोनतीन महिन्यांवर चालते. सर्वस्व गमावलेल्या गावाला किनारा लवकर खुला व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पाण्याखाली कोणी पाहिले आहे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारावाच लागतो.

न्यू जर्सी सरकारने खाड्या आणि जलमार्ग यांतला राडारोडा ठेकेदारांकडून काढून घेतला. तळाचा ठाव घेण्यासाठी ध्वनिलहरींची यंत्रेही वापरली. परंतु लोक पोहतात ती जागा वेगळी. तेथे लाटा फुटतात, पाणी कमरेइतके किंवा डोक्याइतके असते. होडी तेथे नीट चालत नाही आणि फेसाळ, गढूळ पाण्यात यंत्रालाही धड दिसत नाही. अशा जागी शेवटी माणसालाच उतरावे लागते. आणि सुट्टीच्या दिवशी पदरचे सामान घेऊन जे उतरतात, ते असतात स्वयंसेवक पाणबुडे.

त्यांची पद्धत साधी आहे. शाळेत आपण कर्कटाने अर्धवर्तुळ काढतो ना, तसेच. एकजण काठावर दोर धरून उभा राहतो. दुसरा दोराच्या टोकाशी, ताण न सोडता, तळ चाचपीत एका बाजूकडून दुसरीकडे जातो. मग दोर थोडा सैल करावयाचा आणि पुढचे अर्धवर्तुळ काढावयाचे. पाणी गढूळ असले म्हणजे स्वतःचा हातही दिसत नाही; बोटे हेच डोळे. दोराच्या हिसक्यांनी काठाशी बोलावयाचे. तारेत किंवा जाळ्यात गुंतण्याचा धोका असतो, म्हणून कमरेला सुरी आणि हाकेच्या अंतरावर जोडीदार. जड वस्तू सापडली, तर ती उपटण्याचे धाडस करावयाचे नाही. तरंगता बोया बांधून जागा दाखवावयाची. उचलण्याचे काम यारीवाल्यांचे.

परंतु आम्हांला खरे महत्त्व वाटते ते त्यांच्या बोलण्यातील काटेकोरपणाचे. चांगला पाणबुडा वर येऊन 'खाली काही नाही' असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, 'इथपासून इथपर्यंत आज पाहिले. काही आढळले नाही.' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. हिवाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि आत तिचे दांडे घालतात. उन्हाळ्यातल्या सौम्य लाटा तीच वाळू परत आणतात. आज झाकलेला खांब महिन्याने उघडा पडतो. म्हणून एकदा पाहून भागत नाही. पुन्हा पाहावे लागते.

हे सारे परदेशचे म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस आदळले. सुरूची बने आडवी झाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. त्याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यांवर आपण मुलाबाळांना घेऊन सुट्टीला जातो. पावसाळा सरला, वाळू स्वच्छ दिसली, की आपण पाण्यात शिरतो. यापुढे शिरण्यापूर्वी गावच्या कोळ्याला एवढे विचारावे, 'दादा, खाली काय आहे?' त्याचे जाळे कोठे अडकते, हे त्यालाच नेमके ठाऊक असते.

सापडलेल्या वस्तूचे छायाचित्र निघते. न झालेल्या अपघाताचे निघत नाही. पाणबुड्याने ज्या मुलाची मान वाचविली, त्या मुलाला ते आयुष्यभर कळत नाही. ते पोहते, हसते आणि संध्याकाळी घरी जाते. समाजाची पुष्कळशी सुरक्षितता अशा निनावी तपासणीवर उभी आहे. ती करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. निदान आजच्या टाळ्या आपण त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.