बाशिंग आणि बांडगूळ
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



'गुडघ्याला बाशिंग बांधणे' हा वाक्प्रचार मराठी शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. परंतु बाशिंग हे सह्याद्रीच्या अरण्यातील एका नेच्याचेही नाव आहे, हे थोड्यांनाच माहीत असते. आंबोली, महाबळेश्वरपासून कर्नाटकातील कोडगूपर्यंत जुन्या वृक्षांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत आणि ओलसर कातळांवर तो वाढतो. वृक्षाने कपाळी बाशिंग बांधावे, तसाच तो दिसतो. संस्कृतात त्याला अश्वकत्री म्हणतात. त्याची पाने ओक वृक्षाच्या पानांसारखी दिसतात, म्हणून लिनिअसने १७५३ साली त्याला 'क्वेर्सिफोलियम' हे नाव दिले. आज शास्त्रज्ञ त्याला ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया म्हणून ओळखतात.

झाडावर वाढतो म्हणून पुष्कळ जण त्याला बांडगूळ समजतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. बांडगूळ आपली मुळे यजमान वृक्षात खुपसून त्याचा रस शोषते. बाशिंग वृक्षाकडून केवळ आधार घेते.

मग ते जगते कशावर? त्याला दोन प्रकारची पाने असतात. एक प्रकार आखूड आणि रुंद. ही पाने लवकरच तपकिरी व कडक होतात, पण गळून पडत नाहीत. खोडाला चिकटून ती जणू ओंजळ धरतात. त्या ओंजळीत वरून पडलेला पाचोळा, धूळ आणि पावसाचे पाणी साठते, कुजून त्याची माती होते आणि नेच्याची मुळे तिच्यातच पसरतात. दुसरा प्रकार लांब, हिरव्या, खोल कातरलेल्या पानांचा. अन्न तयार करणे आणि पाठीवर बीजाणू धरणे ही कामे ती करतात. कोरड्या ऋतूत हिरवी पाने गळतात. तपकिरी पाने आणि लवदार मांसल खोड तग धरून राहते. पाऊस आला की पुन्हा पालवी फुटते.

नेच्याला फूल नाही, बी नाही. बीजाणूपासून प्रथम एक इवलीशी हिरवी चकती तयार होते आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच फलन होते. म्हणून सावली, ओलावा आणि जुने वृक्ष हेच त्याचे खरे घर. वृक्ष तोडला की त्यावरचे बाशिंगही जाते. शेजारच्या तमिळनाडूत, कोल्ली डोंगरांत, 'मुडवाट्टुकाल' या नावाने याच खोडाचे सूप विकले जाते. औषधी म्हणून त्याला मागणी आहे. परंतु खोडच उपटले, तर पुढच्या पावसाळ्यात पालवी फुटायची कोठून?

बेंगळुरूत मराठी माणूसही कधीचा वस्तीला आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिराशी त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचे नाव जोडले जाते. कन्नडमध्ये 'काडू' म्हणजे अरण्य. परक्या भाषेच्या वृक्षावर राहताना बांडगूळ व्हायचे की बाशिंग, हा प्रश्न इथल्या प्रत्येक पिढीपुढे असतो. कन्नडचा आदर राखून, तिचा आधार घेऊन, आपल्या भाषेची माती स्वतः साठवणे हे बाशिंगाचे काम आहे. मराठी शाळा म्हणजे तशी एक ओंजळ. ती धरणारी जुनी पाने म्हणजे इथले निवृत्त शिक्षक आणि माजी विद्यार्थी. ती गळली, तर नव्या पालवीला माती उरणार नाही.

येत्या पावसाळ्यात कोडगूला किंवा आंबोलीला गेलात, तर मुलांना एखाद्या जुन्या झाडाखाली थांबवा. वर बोट दाखवा आणि हे नाव मराठीत सांगा. मात्र रोप उपटून घरच्या कुंडीसाठी आणू नका.