लस पोचली, बाळ कुठे आहे?

(मनोर येथे बचत गटांतील बायका आणि आशाताई यांच्यासमोर केलेले भाषण)



आज बाळाच्या जुलाबावर बोलायचं आहे. हा काय विषय झाला, असं वाटेल. पण बाळाला जुलाब झाले की घरात काय बोललं जातं, आठवा. दात येताहेत. नजर लागली. आणि तिसरं, हमखास : आईनं भलतंसलतं खाल्लं, तिचं दूध बाधलं. आजार बाळाला आणि आरोपी बाई! रात्रभर फडकी धुणारीही तीच, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडणारीही तीच.

म्हणून हा विषय आपला आहे.

लहान बाळांच्या जोरदार जुलाबांमागे फार मोठा वाटा रोटाव्हायरस नावाच्या विषाणूचा असतो. 1973 साली ऑस्ट्रेलियात रूथ बिशप या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. आधी उलट्या, ताप, मग पाण्यासारखे जुलाब. बाळ एका दिवसात सुकतं, टाळू खोल जाते. लस येण्याआधी आपल्या देशात पाच वर्षांखालची सुमारे 78 हजार मुलं दरवर्षी या एका विषाणूनं जात होती, असा अंदाज आहे. जुलाबासाठी दवाखान्यात भरती होणाऱ्या दर दहा मुलांमध्ये चारजणांना रोटा असायचा.

आपण कार्यकर्त्या वर्षानुवर्षं सांगत आलो, पाणी उकळा, हात धुवा, उघड्यावर बसू नका. ते खरंच आहे आणि सांगत राहायचं आहे. पण नुसत्या स्वच्छतेनं रोटा थांबत नाही. जिथे नळाला चोवीस तास शुद्ध पाणी आहे, त्या श्रीमंत देशांतही लस येण्याआधी जवळजवळ प्रत्येक मुलाला तो होऊन जायचा. तिथे मूल सलाईनवर बरं होऊन घरी यायचं, इथे पाड्यावरून रस्त्यापर्यंत यायलाच अर्धा दिवस जातो. तेव्हा ‘आई अस्वच्छ म्हणून बाळ आजारी’ हे कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे खोडून काढा. आणि सूर्या धरणाचं पाणी वसई-विरार, मीरा-भाईंदरला जातं, धरणाच्या जिल्ह्यातल्या बायका मात्र उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहतात, हेही त्याच दमात विचारा.

आता लस. ती आपल्याच देशातली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांना नवजात बाळांमध्ये या विषाणूचा एक सौम्य प्रकार सापडला. त्यापासून हैदराबादच्या भारत बायोटेकनं रोटाव्हॅक तयार केली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे सुमारे 6,800 बाळांवर चाचणी झाली. सरकारी कार्यक्रमात ती 2016 साली चार राज्यांत आली, महाराष्ट्रात 2019 साली. पुण्याच्या सीरमचीही एक लस आहे. दोन्ही तोंडावाटे द्यायच्या, सुई नाही.

लस म्हटलं की आपल्या चळवळीत कान टवकारतात, आणि टवकारावेतच. 2010 साली आंध्रात आणि गुजरातेत आदिवासी मुलींवर चाललेला एचपीव्ही लसीचा प्रकल्प थांबवावा लागला होता, तो आपण विसरलेलो नाही. रोटाचंही असंच. अमेरिकेत या आजाराची पहिली लस 1999 साली मागे घेतली गेली, कारण काही बाळांचं आतडं आतड्यात सरकत होतं. म्हणून भारतात लस आल्यावर अनेक हॉस्पिटलांमधून याचा मुद्दाम अभ्यास झाला. 2020 साली निष्कर्ष छापून आले, रोटाव्हॅकमुळे हा धोका वाढलेला दिसला नाही. तरी शौचात रक्त, पोट फुगणं, कळवळून रडणं दिसलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. हे आईला सांगणं म्हणजे तिला घाबरवणं नव्हे. बाई अडाणी आहे, तिला कशाला सांगायचं, ही वृत्ती मला जास्त धोक्याची वाटते.

फायदा किती? इथे सरळ बोलू. लस सगळे जुलाब थांबवत नाही. रोटाचे जोरदार जुलाब ती साधारण निम्म्यानं कमी करते, श्रीमंत देशांत याहून जास्त. पण निम्मं म्हणजे थोडं नाही. नऊ राज्यांतल्या 31 हॉस्पिटलांत पाहिलं, तेव्हा जुलाबानं भरती झालेल्या मुलांत रोटाचं प्रमाण शेकडा 40 वरून 20 वर आलेलं होतं. उरलेल्यासाठी जलसंजीवनी आणि चौदा दिवस झिंक आहेच, आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सासूबाई म्हणाल्या तरी नाही.

आता खरी अडचण. डोस तीन : दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. आपल्याकडे दिवाळी झाली की वारली, कातकरी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. श्रावणात जन्मलेल्या बाळाचा तिसरा डोस नेमका तेव्हा येतो. आणि हा विषाणू आपल्याकडे थंडीच्या दिवसांत जास्त पसरतो. म्हणजे जेव्हा धोका जास्त, तेव्हा बाळ भट्टीवरच्या झोपडीत, आणि त्याचं नाव गावातल्या आशाच्या वहीत ‘स्थलांतरित’. बोईसर-तारापूरच्या चाळींत उलटं घडतं. परराज्यातली बाई बाळ घेऊन येते, तिचं नाव इथल्या कुठल्याच यादीत नसतं.

कायदा-नियम आडवा येत नाही. कार्ड कुठलंही असो, डोस कुठल्याही सरकारी लसीकरण सत्रात फुकट मिळतो. पहिला डोस वर्षाच्या आत पडला असेल तर राहिलेले पुढेही देता येतात. अडतं ते इतकंच की भट्टीवर सत्र लागत नाही आणि मालक रजा देत नाही. आशाताईंचा मोबदलाही पूर्ण लसीकरणाला जोडलेला, मग निघून गेलेल्या बाळामागे तिनं स्वतःच्या पैशानं फिरावं का? ही तिची एकटीची जबाबदारी नाही.

दिवाळीला अजून वेळ आहे. प्रत्येक पाड्यातली सहा महिन्यांखालची बाळं, ती कुठल्या भट्टीवर जाणार आणि किती डोस झाले, एवढी यादी बचत गटांनी आजच करायला घेऊ. कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेवून न जाता बरोबर न्यायचं, हे प्रत्येकीला सांगू. ती यादी घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाच-सहाजणी जाऊ आणि भट्ट्यांवर सत्र लावण्याच्या तारखा लेखी मागू. कोण कोण येणार, नावं सांगा.