वाढीचा अंतःस्राव व रक्ताची तपासणी

वर्गांतील सर्वांत ठेंगण्या मुलाच्या रक्ताचा अहवाल येतो, आंकडा कमी दिसतो आणि सारें घर काळजींत पडतें. पण त्या आंकड्याचा अर्थ काय?

मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युइटरी ग्रंथि वाढीचा अंतःस्राव एकसारखा सोडीत नाहीं. तो थांबून थांबून, विशेषतः गाढ झोंपेंत, सुटतो. म्हणून दुपारच्या रक्तांत तो जवळजवळ सांपडला नाहीं, तरी तेवढ्यानें दोष ठरत नाहीं. याकरितां 'आयजीएफ-१' हें द्रव्य मोजतात. १९५७ सालीं सेंट लुईस येथील दोन संशोधकांना त्याचा सुगावा लागला. वाढीच्या अंतःस्रावाच्या प्रेरणेनें तें मुख्यतः यकृतांत तयार होतें व दिवसभर बहुधा स्थिर राहतें.

परंतु तेंहि वयाप्रमाणें बदलतें: बाळपणीं कमी, वयांत येतांना सर्वाधिक. अन्न अपुरें पडलें, यकृत बिघडलें किंवा थायरॉईड मंदावली, तरीहि तें घटतें. शंका उरल्यास उत्तेजक औषध देऊन ठराविक अंतरानें पुनःपुन्हां रक्त तपासतात.

मात्र मोठा साक्षीदार घरच्या भिंतीवरच असतो: दर सहा महिन्यांनीं केलेली उंचीची खूण. खुणांमधील अंतर आटत चाललें, तर आंकडा चांगला असला तरी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये.