अन्नपूर्णेचे भांडवल



अन्नदान हे आपल्या देवस्थानांतील पुरातन पुण्यकर्म होय. परंतु परक्यांसाठी रांधून जी स्त्री आपला संसार चालविते, तिला पुण्याइतकीच भांडवलाचीही गरज असते. लघुकर्जाचे मर्म येथेच आहे.

मुंबईच्या गिरणगावात, घरदार मागे ठेवून आलेल्या कामगारांना खाणावळवाल्या स्त्रिया दोन वेळ जेवू घालीत. कामगार पैसे देई महिन्याच्या पगारावर. तांदूळ आणि पीठ मात्र रोज लागे. म्हणून वाण्याकडे उधारी, उधारीपायी चढा भाव, आणि अडल्या वेळी सावकाराकडे दागिना गहाण, असे ते चक्र होते. दिवसभर चुलीपुढे राबूनही नफा तिच्या पदरी पडत नसे. तारण नाही म्हणून बँकेचे दारही तिला बंद होते.

गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना संघटित केले व राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिले. तारणाची जागा परस्परांच्या हमीने घेतली. रोखीने धान्य घेता येऊ लागले, आणि कर्जाच्या कागदावर प्रथमच त्या स्त्रीचे स्वतःचे नाव आले.

तथापि कर्ज म्हणजे सर्वरोगहारी औषध नव्हे. १९८२ च्या संपाने कामगारांची मिळकत थांबली आणि खाणावळींचा आधारही खचला. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडले, हे मोठे कार्य झाले. परंतु २०१० साली आंध्र प्रदेशात खाजगी कंपन्यांच्या वसुलीच्या जाचास आवर घालण्यासाठी सरकारला अध्यादेश काढावा लागला. नाव स्त्रीचे आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती असेल तर कर्ज हे तिच्या गळ्यातील ओझेच ठरते. बचत, मिळकतीला साजेसा हप्ता आणि मालाला गिऱ्हाईक, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ते तिला तारते.

यांतील तिसरी गोष्ट देवस्थानांच्या हाती आहे. उत्सवातील फुले, पणत्या, फराळ यांचे काम परिसरातील महिला गटांस द्यावे, आणि त्यांचा मोबदला त्याच दिवशी चुकता करावा. पैसे देण्यातील विलंबानेच गरीब स्त्री सावकाराच्या दारी जाते. तिच्या श्रमाचे दाम वेळेवर देणे, हीदेखील देवसेवाच होय.