अर्धी नोकरी, पण दोघांची

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज एका समुद्रकाठच्या शास्त्रज्ञ बाईबद्दल बोलायचं आहे. जेन लुबचेन्को, अमेरिकेतली, जन्म १९४७ चा. खडकाळ किनाऱ्यावरचे जीव एकमेकांच्या आधारानं कसे जगतात, हा तिचा विषय. एक साधी गोगलगाय कोणतं शेवाळ खाते, त्यावर डबक्यात किती प्रकारची शेवाळं नांदतील हे ठरतं, असं तिनं १९७८ साली दाखवून दिलं.

हा अभ्यास ऑफिसच्या वेळेत होत नाही. ओहोटी लागली की खडकावर उतरायचं, आणि ओहोटी रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे, तर आठवड्यानं भर दुपारी. घरात तान्हं मूल असलं तर कोणी जायचं? उत्तर आपल्याला पाठ आहे. नवरा जाईल, बाई घरी राहील.

तिचा नवरा ब्रूस मेंज याच विषयातला. दोघांना मुलं हवी होती आणि संशोधनही सोडायचं नव्हतं. १९७७ साली ऑरेगन स्टेट विद्यापीठानं एका पदाची दोन अर्धवेळ पदं केली. एक तिचं, एक त्याचं. दोन्ही पदं स्वतंत्र होती. पगार वेगळा, कामाची पारख वेगळी, कायम होण्याची संधीही वेगळी. तिची नोकरी नवऱ्याच्या नोकरीला बांधलेली नव्हती. सुमारे दहा वर्षं ती अर्धवेळ राहिली, मग पाऊणवेळ, मग पूर्णवेळ.

म्हणून ती मागे पडली का? १९९२ मध्ये ती अमेरिकेच्या परिसरशास्त्रज्ञांच्या संस्थेची अध्यक्ष झाली. २००९ ते २०१३ या काळात तिथल्या राष्ट्रीय सागर व वातावरण प्रशासनाची ती प्रमुख होती, त्या पदावरची पहिली स्त्री.

बाईनं अर्धवेळ नोकरी आणि पूर्णवेळ घर करायचं, ही 'सवलत' आपल्याला जुनीच आहे. इथे पुरुषानंही अर्धा पगार घेतला आणि मुलांसाठी अर्धा वेळ काढला. नवं आहे ते एवढंच.

हुरळून मात्र जायला नको. अर्ध्या-अर्ध्या पगारात घर चालणं सगळ्यांना परवडत नाही. रोजंदारीवरच्या बाईला तर नाहीच. शिवाय एका जोडप्याला मिळालेली सोय म्हणजे धोरण नव्हे.

तेव्हा मागणीपत्रक लिहिताना शब्द जपून वापरूया. 'बायकांना अर्धवेळ काम द्या' असं लिहिलं, तर मूल बाईनंच सांभाळायचं हे आपणच कबूल केलं. त्याऐवजी लिहूया: ही सोय आई आणि बाप दोघांनाही हवी, पद स्वतंत्र हवं, कायम होण्याची संधी हवी, आणि पूर्णवेळ कामावर परतण्याची वाट खुली हवी. हे शेवटचं कलम कुणी गाळायला सांगितलं तरी गाळू नका. त्याशिवाय अर्धी नोकरी जन्मभर अर्धीच राहते.